एकाच जुडीचा लसूण

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणी-धामणीच्या अंगाला, जिथं पाऊस दरसाल हुलकावणी देऊन पुढं निघून जातो, तिथल्या एका वस्तीवर कुशाबाई नांदत होती. तिच्याशी भांडून जिंकलेला माणूस त्या वस्तीवर एकही नव्हता. हरलेले मोप होते. वेशीतल्या हापशावर तिची घागर आली की बाया आपसूक बाजूला व्हायच्या. मान म्हणून नव्हे, तिचं तोंड सुटू नये म्हणून. तो हापसाही एक नमुनाच. फाल्गुनापर्यंत पाणी द्यायचा आणि चैत्र लागला की नुसता खडखडायचा. मग कुशाबाई त्यालाही शिव्या घालायची. नवरा गेणू म्हणजे गरीब गाय. कुणी काही विचारलं तर म्हणायचा, "आमच्यात बोलायचं खातं तिच्याकडं हाय."

माहेरी जाताना मात्र हीच बाई निराळी दिसायची. माहेर जुन्नर तालुक्यातल्या राजुरीचं. तिथं तिचा भाऊ सयाजी, तिच्याहून आठ वर्षांनी लहान. त्याला तिनंच कडेवर वाढवलेलं, त्याचं नाक स्वतःच्या परकराला पुसलेलं. सयाजीनं पुढं मिशा राखल्या, ग्रामपंचायतीत त्याची ऊठबस सुरू झाली, तरी ती चारचौघांत त्याला "सया"च म्हणायची आणि तोही मान खाली घालून "आक्का" म्हणायचा.

या दोघांच्या मधे लसूण आला. ऐकायला हसू येतं, पण भाऊबंद बांधाच्या वीतभर मातीवरून एकमेकांची डोकी फोडतात, त्यापुढं लसूण काय वाईट?

त्यांच्या घरचा लसूण जुना होता. बारका, लालसर सालीचा, आणि तिखट असा की चटणी वाटणारीनं पदर डोळ्याला लावावा. लसणाचं एक बरं असतं, त्याला बी लागत नाही. गड्डा फोडायचा, पाकळी मातीत खोचायची, तिचाच पुन्हा गड्डा होतो. लग्न नाही, वरात नाही, त्यामुळं भेसळही नाही. पणजीनं खोचलेली पाकळीच पणतूच्या भाकरीवर येते. लावणीसाठी राखून ठेवलेल्या अशा लसणाला बेणं म्हणतात, आणि ते बेणं फोडायचा मान त्या घरात लेकीचा होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माहेरी आलेल्या लेकीनं माजघरात बसायचं आणि गड्डे फोडून पाकळ्या सुपात टाकायच्या. सुनेनं हात लावायचा नाही, लावला तर उगवत नाही म्हणे. खरं कारण म्हातारी ठकूबाईला, म्हणजे या दोघांच्या आईला, पक्कं ठाऊक असणार. त्या निमित्तानं लेक दिवाळीला हटकून येते आणि चार दिवस फुकटात राबते.

कुशाबाईच्या लग्नात ठकूबाईनं तिच्या ओटीत लसणाची एक जुडी घातली होती. "इरजण दोन घरी असावं. एकाचं नासलं तर दुसऱ्याकडनं आणता येतंय." आणि तसंच झालं. ज्या वर्षी राजुरीच्या शिवारात कालव्याचं पाणी आलं, त्याच वर्षी वळवानं कुशाबाईच्या घराचे पत्रे उडवले आणि आढ्याला टांगलेलं सगळं बेणं कुजलं. तिनं सयाजीकडून एक जुडी नेली. हे लक्षात ठेवावं, कारण पुढं सगळे नेमकं हेच विसरले. दोघांकडचा लसूण एकाच जुडीचा होता.

कालवा आल्यावर सयाजीनं एक गोष्ट केली आणि ती त्यानं चांगल्या मनानं केली, हेच वाईट. ठकूबाई बेण्याचा लसूण बांधाकडेच्या मुरमाड पट्टीत लावायची. तिथं पाणी पोचायचं नाही, पोचलं तर टिकायचं नाही. लसूण तिथं कसाबसा जगायचा. म्हातारी वारली, पाणी आलं, आणि सयाजी म्हणाला, "आता आईच्या बेण्याला उपाशी ठेवायचं न्हाई. पयला मान त्याचा." त्यानं बेणं विहिरीजवळच्या काळ्या रानात नेलं, शेणखत घातलं, आठवड्याला पाणी दिलं. गड्डे दुप्पट झाले. लोक बघायला आले. मुरमाड पट्टीवर त्यानं तळ्यातला गाळ ओढला आणि तिथंही ऊस लावला. कुशाबाईकडं काळं रान कुठलं? तिचा लसूण माळावरच राहिला, तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखा वाढत.

सात-आठ वर्षं अशी गेली. मग दोन हजार दोन-तीनचा दुष्काळ पडला. कालव्याचं आवर्तन आलंच नाही, विहिरीनं तळ दाखवला, आणि माघात सयाजीच्या लसणानं माना टाकल्या. महिनाभर पाणी नाही, एवढंच निमित्त. म्हातारीच्या काळात हाच लसूण तेवढ्यावर हसत निघायचा. वाफेच्या वाफे पिवळे पडले. उपटले तर खाली सुपारीएवढं काहीतरी, तेही पोकळ.

सयाजी बहिणीकडं आला, बेणं मागायलाच आला होता. ओटीवर बसला, वर बघितलं, आणि त्याची नजर आढ्यालाच चिकटली. जुड्या टांगलेल्या होत्या. गड्डा बारका, पण टणक. इथं राजुरीपेक्षा कडक दुष्काळ, आणि हिचा लसूण शाबूत! त्यानं चहा घेतला, बेण्याचं नावसुद्धा काढलं नाही आणि उठून गेला. जाताना "आक्का, येतो" म्हणाला नाही, हे गेणूच्या ध्यानात आलं. कुशाबाईच्या आलं नाही.

पुढच्या आठवड्यात निरोप आला, येऊन जा. ती समजली की मागायला लाजला असेल. तिनं सगळ्यांत चांगली जुडी निवडली, पिशवीत घातली, आळेफाट्यापर्यंत एसटी, पुढं वडापची जीप आणि शेवटी रणरणत्या उन्हात पायी, अशी ती माहेरच्या दारात जाऊन उभी राहिली. जीभ टाळ्याला चिकटली होती.

ओट्यावर सयाजी होता आणि शेजारी हौशीराम. हा हौशीराम भावकीतला चुलता. दुसऱ्याच्या घरात काडी टाकून स्वतःच्या घरी शेकत बसणारा. भावजय तांब्या घेऊन बाहेर आली, "वन्सं, पाणी घ्या" म्हणाली.

"ठेव ते आत," सयाजी म्हणाला. "आधी तिला इचारू दे."

भावजय तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

"तू आमचं बेणं बदललंस," सयाजी म्हणाला. "दिवाळीला फोडाय बसलीस तवा. आईचं तू नेलंस आन बाजारचं माज्या सुपात टाकलंस."

कुशाबाईला आधी ती थट्टाच वाटली. "सया, ऊन लागलंय का तुला?"

"एकच बेणं असतं तर माजं मेलं आन तुजं कसं जगलं? तुज्याकडं तर प्यायला पाणी न्हाई."

"मला काय ठावं? तुजंच तर नेलं व्हतं मी."

"पिशवीत काय हाय?" हौशीरामनं विचारलं.

तिनं जुडी बाहेर काढली. भावासाठी आणलेली, निवडून, पुसून. हौशीराम मांडीवर थाप मारून हसला. "घ्या! मुद्देमालासकट आली की!"

दारात एव्हाना माणसं जमली होती. कुशाबाईनं आयुष्यात कुणाला उत्तर उधार ठेवलं नव्हतं, पण त्या दिवशी तिनं तोंड सोडलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मी बेणं फोडलं. बदललं न्हाई. आईची आण."

"आईला मधी आनू नगंस, कुशे."

कुशे. आक्का नाही. तिनं जुडी पिशवीत घातली आणि आल्या पावली फिरली. मागं भावजय काहीतरी बोलायला गेली, तेव्हा सयाजीचा आवाज आला, "पाणी आत ने म्हनलं ना! चोराला पाणी पाजायची रीत न्हाई आपल्यात." फाट्यापर्यंत ती तहानलेलीच चालत गेली. वाटेत रसवंती होती, टपरी होती, तिनं कुठंही पाणी मागितलं नाही.

तिथून वैर सुरू झालं, आणि कुशाबाईनं ते मन लावून केलं. भाऊबीजेला ती माहेरी गेली नाही. ज्या बाईला भाऊ नसतो ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते. कुशाबाईनं वस्तीच्या मधोमध पाट मांडला आणि धडधाकट भाऊ असताना चंद्राला ओवाळलं. कुणी विचारलं तर, "मेला माजा भाऊ" असं ठणकावून सांगितलं. ते राजुरीला पोचेल याची तिला खात्री होती, पोचलंच. सयाजीनंही कसर ठेवली नाही. पारावर, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत तो लसणाची गोष्ट सांगत राहिला. बेल्ह्याच्या बाजारात एका माळणीनं कुशाबाईला बघून भाजीवर पोतं ओढलं आणि शेजारणीकडं बघून डोळा मारला. कुशाबाईनं तिला आईबापावरून धुतलं. पण घरी आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली आणि त्या दिवशी चूल पेटली नाही. सयाजीच्या लेकाच्या लग्नाची पत्रिका टपालानं आली. तिनं त्यातल्या अक्षता परत पाठवल्या, आणि निरोप दिला, चोराच्या अक्षता नवरदेवाच्या डोक्यावर पडायला नकोत.

तिला बाकी काही नको होतं. भावानं त्याच ओट्यावरून, त्याच माणसांपुढं म्हणावं की आक्का चोर नाही. एवढ्या एका वाक्यासाठी ती झुरत होती. आणि ते कुणाला कळू नये म्हणून आणखी शिव्या देत होती.

अशी चार-साडेचार वर्षं गेल्यावर एका दुपारी सयाजीची लेक तेजस्विनी तिच्या दारात आली. पोरगी पुण्याला एमएस्सी करत होती, वनस्पतींच्या शास्त्रात.

"आत्या, आत येऊ का?"

"कशाला? तुज्या बापानं झडती घ्याय धाडलं का?"

"त्यांना माहीतच नाही मी आलेय ते. मला थोडा लसूण पाहिजे. तपासायला."

"चोरीचा माल तपासून काय करतीस?"

तेजस्विनी बापाचीच लेक, हटेना. ती पायरीवर बसली आणि सांगत राहिली. सयाजीच्या मेलेल्या लसणातले मूठभर गड्डे तिच्या आईनं गुपचूप उचलून न्हाणीच्या पाण्यावर लावले होते. सुनेच्या हाताला बेणं उगवत नाही म्हणतात, ते चांगलं उगवलं होतं. त्यातले थोडे तिनं पुण्याला नेले होते. आता आत्याकडचे हवे होते.

"दोन्ही एकच असले तर कळतंय तुमाला?" कुशाबाईनं विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"कळतं. आणि एकच असून निराळे का वागतात, तेही थोडंफार कळतं. आत्या, आपल्या रानात पाट असतात, त्यातनं चाऱ्या निघतात. पाट, चाऱ्या सगळं तेच. पण कुठलं दार मातीनं बांधायचं न् कुठलं मोडायचं, यावर पाणी कुठं जाणार ते ठरतं. हो ना? झाडाच्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो, तो म्हणजे हे पाट. तो बदलत नाही. पण त्यावर मिथाइल नावाचे बारके ठिपके बसतात, दारावर मातीचं ढेकूळ ठेवावं तसे. ठिपका बसला की बहुतेक वेळा तेवढं काम बंद पडतं, निघाला की सुरू होतं. पाण्याचा ताण पडला की झाड हे ठिपके इकडचे तिकडं करतं. मुळं किती लांबवायची, पानातलं पाणी कसं धरून ठेवायचं, ती कामं लवकर जागी होतात."

"आन पाकळी लावली की नवं झाड पुन्यांदा पयल्यापास्नं शिकतंय?"

"तेच तर. काही ठिपके पाकळीबरोबर पुढं जातात. आईनं सोसलेलं लेकराला आयतं मिळतं. बाहेरच्या देशांत दुसऱ्या झाडांवर असं दिसलंय. लसणावर मी बघतेय, अजून पक्कं सांगत नाही. आजीला बघा, शाळा नाही, काही नाही, पण मुरमाड पट्टीत बेणं लावायची. केवढी हुशार होती!"

"हुशार कसली?" कुशाबाई खेकसली. "चिकट व्हती. चांगल्या रानात बेणं लावलं तर चार किलो कांदा कमी व्हईल म्हून त्या मुरमात ढकलायची. तिला तुजे ठिपके ठावं असते तर त्ये बी बाजारात नेऊन इकले असते तिनं."

तेजस्विनी हसली. आत्या हसली नाही. तिनं विचारलं, "आन इसरतंय कवा?"

"सुखाचं पाणी मिळत गेलं की. काही हंगामांत पुष्कळसे ठिपके पुसले जातात. बाबांनी तेच केलं. लाड केले आणि लसूण ताण विसरला."

"मंजी बेणं कुनी बदललंच न्हाई."

"मला तसंच वाटतं. पण वाटून उपयोग नाही, दाखवायला पाहिजे."

कुशाबाई उठली, आढ्याची जुडी काढली, चार गड्डे तोडून पोरीच्या पदरात टाकले. पोरीला तिनं चहा केला. साखर कमी घातली, पण केला.

चैत्रात, गावोगावच्या जत्रा चालू असताना, सयाजी आला. एकटाच आला. ऊन असं की कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. फाट्यावरून चालत आलेला, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे पडलेले. कुशाबाई ओटीवर नव्या लसणाच्या जुड्या बांधत होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. ये म्हणाली नाही. सयाजी अंगणातच उभा राहिला.

"आक्का," तो म्हणाला. "पोरीनं तपासलं. डीएनए एकच निघाला, तुज्या लसणाचा आन माज्या. ठिपके तेवढे निराळे हायेत म्हनली."

"बरं."

"तू बदललं नव्हतंस."

"कुनी सांगितलं?"

"मशीननं. तिथं पुण्यात मोठं मशीन हाय..."

कुशाबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. "मी बी हेच सांगितलं व्हतं, सया. तुज्या दारात उभी ऱ्हाऊन. मशीनला आईची आण घ्यावी लागली का रं?"

शेजारच्या दोन-तीन बाया कुडाआडून डोकावत होत्या. सयाजीनं त्यांच्याकडं बघितलं, घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाला, "चुकलं माजं. आक्का चोर न्हाई. राजुरीत बी सांगितलंय मी, हौशीरामच्या म्होरं."

हेच वाक्य. याच्यासाठी ती इतकी वर्षं जळली होती. हे कानावर पडलं की आपण रडू, त्याला पोटाशी धरू, असं तिला वाटायचं. प्रत्यक्षात राग तेवढा वर आला. पहिल्यापेक्षा जास्त. ज्यानं तिच्या कडेवर मुतून मोठं व्हावं, त्याला तिच्या बोलण्यापेक्षा एक यंत्र खरं वाटावं! आणि ते यंत्र उलटं बोललं असतं तर? तर हा आज आला नसता.

"आपून दोगं एका आईचं," ती म्हणाली. "आपलं कुनी तपासलं तर तिथं बी एकच निघंल म्हन. कशाला आलास?"

"बेणं मागाय. आईचं. माज्याकडचं उरलंसुरलं ताण इसरलंय, तुजे दोन गड्डे दिलेस तरी चालंल. त्यो बाजारचा लसूण नुसता पाणी हाय, भाकरी गिळवत न्हाई."

तिनं गेणूला हाक मारली, आतून सगळ्यांत मोठी जुडी आणायला लावली, आणि कुडाआडच्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघून घ्या गं बायांनो. मी माज्या हातानं देतीया. उद्या चोरीला गेली म्हून बोंब नगं." गेणूनं जुडी सयाजीच्या हातात दिली. सयाजीनं ती दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली. त्याचे डोळे भरले होते की घाम होता, सांगता येत नाही.

तो निघाला नाही. घुटमळला.

"आक्का, वाईच पाणी दे. लई तहान लागलीया."

ओटीवर, तिच्या हाताशी, माठ होता. माठावर तांब्या पालथा घातलेला होता. गेणू उठायला लागला. कुशाबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो खाली बसला.

"येशीत हापसा हाय," ती म्हणाली.

सयाजी तिच्याकडं बघत राहिला. त्याला आठवलं असणार, कारण त्यानं पुन्हा पाणी मागितलं नाही. जुडी काखेत मारून तो वळला आणि वेशीकडं चालू लागला.

थोड्या वेळानं वेशीकडून हापशाचा आवाज यायला लागला. खडखड, खडखड, कोरडा. थांबला, पुन्हा सुरू झाला. चैत्रात त्याला थेंब नसतो, हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गेणू हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, भाऊ हाय तुजा."

तिनं तांब्या उचलला, माठातून काठोकाठ भरला आणि दारापर्यंत आली. आवाज थांबला होता. वेशीपलीकडच्या चढावर सयाजी दिसत होता, डोक्यावर उपरणं, काखेत जुडी, पाय ओढत चाललेला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिचा आवाज काही लहान नव्हता.

चढ संपून तो दिसेनासा होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तांब्या तोंडाला लावला. तिनं ते सगळं पिऊन टाकलं.